वाटेवरचं जव्हार

मुंबई-अहमदाबाद महामार्ग मनोरला सोडायचा आणि पूर्वेकडे वळायचं. विक्रमगडपर्यंत रस्ता बराचसा सपाटीचा. पावसाळा सरता सरता गेलात तर दोन्ही अंगांना लोंब्या धरलेलं भात दिसतं, बांधावर ताडाची झाडं दिसतात, आणि मध्येच कुणा शहरातल्या माणसाने घेऊन ठेवलेल्या जमिनीचं कुंपण. विक्रमगड मागे पडलं की चढ लागतो. साग आणि ऐन दाटतात, वळणं वाढतात, हवेतला फरक अंगाला कळतो. मग चढ संपतो आणि एक रुंद सपाटी येते. तिच्या कडेला, दऱ्या अंगावर घेऊन जव्हार बसलेलं आहे. उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर. इथून पुढे मोखाडा, मग तोरंगणचा घाट चढला की त्र्यंबकेश्वर आणि नाशिक. किनाऱ्यावरून देशावर चढताना मधली पायरी असावी तसं हे गाव आहे, आणि त्याचा सगळा इतिहास या पायरीवर पाय देऊन वर-खाली गेलेल्यांचा आहे.

जव्हारचं नाव निघालं की दोन विशेषणं हमखास येतात. ‘ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर’ हे एक. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते ‘पालघरचं महाबळेश्वर’ झालं. दुसरं विशेषण सरकारी कागदांतलं, वर्तमानपत्रांतलं: दुर्गम. पहिल्याबद्दल माझी तक्रार नाही. सनसेट पॉइंट आहे, हनुमान पॉइंट आहे, पावसाळ्यात दरीतून ढग वर येतात, माणसं येतात, वडे खातात, फोटो काढतात. दुसऱ्या विशेषणाने मात्र फार नुकसान केलं आहे. एखादा मुलूख दुर्गम म्हटला की तिथलं दारिद्र्य आपोआप समजून घेतलं जातं. रस्ता नव्हता, जग पोचलं नाही, म्हणून माणसं मागे राहिली, एवढ्यावर विचार थांबतो. जव्हारचा इतिहास आणि भूगोल जसजसा वाचत आणि पाहत गेलो, तसतसं मला उलटंच दिसत गेलं. इथे जग सहाशे-सातशे वर्षं येतंच आहे. ते आलं, जे हवं होतं ते घेतलं आणि खाली उतरून गेलं.

०

आधी जमीन आणि पाणी, कारण बाकी सगळं त्यातून येतं.

हा मुलूख काळ्या बेसॉल्टचा. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पश्चिमेकडे निघालेल्या सोंडा इथे पसरल्या आहेत, त्यांच्या माथ्यांवर सपाट्या आणि मध्ये खोल घळी. सपाटीवरचा मातीचा थर पातळ, खडकात पाणी मुरायला जागा थोडी आणि उतार तीव्र. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत जिकडे पाहाल तिकडे पाणीच पाणी. दाभोशाला लेंढी नदी सुमारे तीनशे फुटांवरून खाली झोकून देते. काळमांडवीचा धबधबा आहे, आणि नाव नसलेले तर कितीतरी. मग दिवाळी होते, ओहोळ बारीक होतात, होळीपर्यंत आटतात, आणि ज्या बायकांनी जुलैत गुडघाभर चिखलात आवणी केली त्याच बायका एप्रिलमध्ये डोक्यावर हंडे घेऊन दरीतल्या झऱ्याशी नंबर लावून बसतात. पाड्यात टँकर येतो तो विहिरीत पाणी ओततो. ते पाणी गढूळ व्हायच्या आत उपसायचं म्हणून विहिरीच्या काठावर झुंबड उडते. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखातलं हे दृश्य आहे, आणि ते वर्षानुवर्षं चाललं आहे.

हे पाणी जातं कुठे, हे नकाशावर बोट ठेवून पाहण्यासारखं आहे. उत्तरेकडच्या उतारांचं पाणी वाघ नदीतून दमणगंगेला मिळतं आणि दमणच्या समुद्रात जातं. दक्षिणेकडचं पिंजाळ नदी वैतरणेला नेऊन देते. पश्चिमेला देहर्जे आणि सूर्या, त्याही शेवटी वैतरणेलाच मिळतात. आता याच नद्यांवरची धरणं पाहा. वैतरणेवर मोडकसागर १९५७ मध्ये झालं, अप्पर वैतरणा १९७३ मध्ये, मध्य वैतरणा २०१४ मध्ये. हे शेवटचं तर शेजारच्या मोखाडा तालुक्यात, कोचाळे गावाजवळ, शंभर मीटरहून उंच. तिन्ही धरणं मुंबईची तहान भागवतात. सूर्येवर धामणीला धरण आहे. त्याचा मूळ हेतू डहाणू-पालघरच्या शेतीचा, पण त्याचंही पाणी वसई-विरारच्या नळांना जातं. मुंबईत नळ सोडून दात घासणारा माणूस या डोंगरांशी रोज सकाळी जोडला जातो, त्याला ते ठाऊक नसलं तरी. अशा मुलखाला दुर्गम कोणत्या तोंडाने म्हणायचं?

०

जव्हारच्या राज्याची सुरुवात एका गोष्टीने होते. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये ती नोंदलेली आहे आणि जव्हारात आजही सांगतात. हा मुलूख तेव्हा वारली प्रमुखाच्या ताब्यात होता. जयबा मुकणे नावाच्या कोळी सरदाराने त्याच्याकडे फक्त एवढंच मागितलं: एका बैलाच्या कातड्यात मावेल तेवढी जमीन. वारली प्रमुखाने हो म्हटलं. मग जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, त्या एकापुढे एक जोडल्या, आणि त्यांनी जेवढा मुलूख वेढला गेला तेवढा आपला म्हणून घेतला.

ही गोष्ट भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेजच्या राणीबद्दलही सांगतात, त्यामुळे ती जशीच्या तशी घडली असं मानायचं कारण नाही. पण राजघराण्याच्या बाजूने ती चातुर्याची गोष्ट आहे आणि वारल्यांच्या बाजूने ती शब्दावर विश्वास ठेवून जमीन गमावल्याची गोष्ट आहे. पुढच्या काळात सावकारांनी कोऱ्या कागदावर अंगठे घेतले, दारूच्या बाटलीवर एकरच्या एकर लिहून घेतले, तेव्हा तीच गोष्ट फक्त कातडं बदलून पुन्हा पुन्हा घडत होती. एका गोष्टीचं भान मात्र ठेवायला हवं: मुकणे हे महादेव कोळी. म्हणजे राज्य घेणारा आणि गमावणारा, दोघेही आदिवासीच. भारतातल्या शेकडो संस्थानांत आदिवासी राजघराण्याची संस्थानं मोजकीच, आणि जव्हार त्यांत ठळक.

जयबाच्या मुलाला, नेमशाहला, दिल्लीच्या सुलतानाकडून राजा म्हणून मान्यता मिळाली. तारीख सांगतात ती ५ जून १३४३. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा महंमद तुघलक होता. ‘शाह’ हा किताब तेव्हापासून घराण्याच्या नावांना जोडला गेला आणि त्या दिवसापासून जव्हार संस्थानाने आपला स्वतंत्र शक मोजायला सुरुवात केली. बावीस किल्ल्यांचा मुलूख त्यांच्याकडे होता असं गॅझेटिअर सांगतं. झाप गावाजवळचा भोपतगड त्यातलाच. आज गडावर तुटकी तटबंदी, पाण्याची टाकी आणि गवत आहे. पण माथ्यावर उभं राहिलं की चहूबाजूंच्या घळी दिसतात आणि या मुलखावर ताबा ठेवायला असा एक डोंगर पुरत असेल हे पटतं.

मधली तीनशे वर्षं मी ओलांडतो, कारण मला जी वाट दाखवायची आहे ती सतराव्या शतकात स्पष्ट दिसते. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली. देशावरून सुरतेला जायचं तर त्र्यंबकहून उतरून जव्हारवरून जाणारी वाट आडबाजूची आणि सोयीची. शत्रूच्या ठाण्यांची नजर चुकवून जायला यापेक्षा चांगला रस्ता नाही. जव्हारचा राजा विक्रमशाह याने महाराजांचं स्वागत केलं, शिरपेच अर्पण केला, आणि ती जागा म्हणजे शिरपामाळ, असं जव्हारात सांगतात. गावाबाहेरच्या त्या माळावर आता स्मारक आहे, शाळांच्या सहली येतात.

सहली तिथे थांबतात, इतिहास मात्र पुढे जातो. आठ वर्षांनी, जून १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी त्याच विक्रमशाहाचं जव्हार जिंकून घेतलं. खजिन्यात १७ लाख रुपये सापडल्याची नोंद आहे. विक्रमशाह नाशिकच्या बाजूला मोगलांच्या मुलखात निघून गेला. लगोलग मराठ्यांनी रामनगरही घेतलं. दोन्ही राज्यं सुरतेच्या वाटेवर होती, आणि सुरतेवर धाक ठेवायचा तर वाट आपल्या हातात हवी, हे राजकारण उघड आहे. मला यात मराठ्यांना दोष द्यायचा नाही. राज्य वाढवायचं तर वाटा घ्याव्याच लागतात. पण जव्हारच्या बाजूने पाहिलं तर ज्या वाटेमुळे मान मिळाला त्याच वाटेमुळे राज्य गेलं. वाटेवरच्या गावाला दोन्ही वाट्याला येतं. पुढे घराणं पुन्हा आलं, पेशव्यांच्या काळात मुलूख आणखी आक्रसला, आणि इंग्रज आले तेव्हा उरलं ते ३१० चौरस मैलांचं छोटं संस्थान. १९०१ च्या शिरगणतीत सगळ्या संस्थानात माणसं सत्तेचाळीस हजारांच्या वर थोडी.

या संस्थानाचं उत्पन्न जंगलातून यायचं. सागाचे सोट बैलगाड्यांतून खाली उतरायचे. पावसाळा सोडला तर हा धंदा अखंड चाले, आणि लाकूड ओढून नेण्यापुरत्या गाडीवाटा पडत गेल्या. त्या वाटांनी खालचे व्यापारी वर आले, मीठ आणि कापड घेऊन आले आणि कर्जाच्या वह्या घेऊनही आले.

०

आज जे जव्हार आपण पाहतो त्याची घडण बहुतेक शेवटच्या चार राजांच्या काळातली. चौथा पतंगशाह १८६५ ते १९०५, चाळीस वर्षं गादीवर होता. गावातल्या सरकारी रुग्णालयाला आजही त्याचंच नाव आहे: पतंगशाह कुटीर रुग्णालय. मोखाडा-जव्हारमधली बाळंतपणं, सर्पदंश, तापाने फणफणलेली मुलं, सगळी वाट याच दाराशी येते. नगरपरिषद १९१८ ची. एवढ्या छोट्या, डोंगरावरच्या गावाला शंभर वर्षांपूर्वी नगरपालिका असावी हे महाराष्ट्रात दुर्मीळच. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास होती, म्हणजे आजही ही राज्यातल्या अगदी लहान नगरपरिषदांपैकी एक आहे.

शेवटचे राजे यशवंतराव मुकणे. जन्म १९१७ चा. गादीवर आले तेव्हा वय अवघं दहा. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते, आणि संस्थान १९४८ मध्ये विलीन झाल्यावर लोकसभेतही निवडून गेले. गावाबाहेर काजूच्या झाडीत उभा असलेला गुलाबी दगडाचा जय विलास राजवाडा त्यांचा. युरोपीय धाटणीचे खांब, लांब व्हरांडे, वर घुमट. बरेच प्रवासी राजवाडा पाहतात आणि परत फिरतात. त्यांनी थोडं थांबून राजवाड्याच्या मागच्या उताराकडे पाहावं. तिथून पाडे दिसतात: कुडाच्या भिंती, नळ्याच्या कौलांचं किंवा पत्र्याचं छप्पर, अंगणात नागलीची मळणी.

विलीनीकरणानंतर जव्हार ठाणे जिल्ह्यात गेलं आणि तालुक्याचं गाव झालं. राज्याची राजधानी होती, ती जिल्ह्याच्या टोकावरची एक कचेरी उरली. १९९९ मध्ये विक्रमगडचा तालुका वेगळा निघाला. मोठा ठाणे जिल्हा तोडायची चर्चा कित्येक वर्षं चालली तेव्हा जव्हारच्या लोकांची मागणी होती की नव्या जिल्ह्याचं ठाणं डोंगरात असावं. त्यामागे विचार होता: जिथे माणसाला कचेरीची गरज सगळ्यात जास्त, तिथेच कचेरी हवी. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला तो पालघरला, रेल्वेच्या रुळांजवळ. कारभाराच्या सोयीचा निर्णय असेल, पण वाघ नदीकाठच्या पाड्यावरून दाखल्यासाठी निघालेल्या माणसाचा दिवस आणि मजुरी त्यात गेली.

०

जव्हार तालुक्यात दहातले नऊ लोक आदिवासी: कोकणा, वारली, कोळी मल्हार, ठाकर, कातकरी. शेती भात, नागली, वरई, उडीद आणि खुरासणीची. दरीतल्या ओलीच्या जमिनीत भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई. या शेतीचं सगळ्यात कष्टाचं काम पावसाच्या आधी असतं, आणि ते बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. ते म्हणजे राब.

माघ-फाल्गुनात ऐनाच्या आणि इतर झाडांच्या फांद्या खांडून आणायच्या आणि वाळवायच्या. रोपासाठी निवडलेल्या तुकड्यावर आधी शेणाच्या गोवऱ्यांचा थर, त्यावर फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यात वर चाळून घेतल्यासारखी बारीक माती, म्हणजे राख वाऱ्याने उडणार नाही आणि आग एकदम भडकणार नाही. मग वारा बघून, वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून पेटवायचं. आग माती खालून हळूहळू भाजत पुढे सरकते. तण आणि कीड मरते, राख खत होते, आणि पहिल्या पावसात त्या तुकड्यावर टाकलेलं बी जोमाने उगवतं. इंग्रजी अमलात वनखात्याने राबासाठी फांदी तोडायला हरकत घेतली तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोठा असंतोष झाला होता. शेती खात्याचे लोकही पूर्वी राबाला अडाणीपणा म्हणत. पण इतक्या पातळ मातीत, इतक्या मुसळधार पावसात कोवळं रोप तगवण्याची ही रीत पिढ्यान्पिढ्या अनुभवाने घडलेली आहे.

एवढं करून धान्य किती दिवस पुरतं? ज्यांच्याकडे थोडी ओलीची जमीन आहे त्यांना माघापर्यंत, बाकीच्यांना त्याहून कमी. पुढे जंगल आणि मजुरी. पावसाच्या सुरुवातीला शेवळं येतात, लोत, बांबूचे कोंब, मग चाईचा मोहर. उन्हाळ्यात मोह. अगदी अडचणीच्या दिवसांत कडूकंद खणून आणतात. तो तसाच खाल्ला तर विषबाधा होते. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख लावून उकडायच्या, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी चाखून पाहायच्या. कडवटपणा गेला नसेल तर पुन्हा पाण्यात. जंगलातल्या शंभरेक वनस्पतींबद्दल असं ज्ञान इथल्या म्हाताऱ्या बायकांकडे आहे. पण रात्रभर वाहतं पाणी लागणारा पदार्थ ज्या घरात शिजतो त्या घरातलं धान्याचं कणगं रिकामं झालेलं असतं, हेही विसरता येत नाही.

ते रिकामं होणार हे ठाऊक असतं, म्हणून आधीच निघायचं. दसरा-दिवाळी झाली, भात झोडून झालं की मुकादम पाड्यावर येतो. उचल आधीच दिलेली असते, बहुतेक पावसाळ्यात, जेव्हा घरात काहीच नसतं. टेम्पोत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं चढतात. भिवंडी, वसई, कल्याण, नाशिक. वीटभट्ट्या, रेती, बांधकामं. वीटभट्टीवर नवरा-बायकोची जोडी धरली जाते. चिखल तुडवणं, साच्यात भरणं, विटा उलटवून वाळवणं, मजुरी हजार विटांमागे, आणि हिशेब शेवटी. उचल वजा करून हातात काय येतं ते होळीला कळतं, कारण शिमग्याला माणूस काहीही करून गावी येतोच. काहींची उचल फिटलेली नसते आणि ती पुढच्या वर्षावर जाते. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे. त्यानंतरही कित्येक वर्षं श्रमजीवी संघटनेला या पट्ट्यातल्या माणसांना वेठीतून सोडवावं लागलं. वसई-विरारच्या इमारती उभ्या राहिल्या त्यात जव्हारच्या हातांच्या विटा आहेत, आणि त्या इमारतींच्या टाक्यांत चढणारं पाणीही या डोंगरांच्या बाजूचं आहे.

मुलांचं काय? ती आईबरोबर भट्टीवर जातात, शाळेतून नाव कमी होतं, अंगणवाडीचा आहार चुकतो. गरोदर बायका आठव्या महिन्यापर्यंत विटा उचलतात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक मुलं दगावली तेव्हा महाराष्ट्र हादरला. मुख्यमंत्री आले, अधिकारी आले, जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं, कुपोषण हा शब्द घरोघरी पोचला. काही गोष्टी खरोखर सुधारल्या. रस्ते झाले, आरोग्य केंद्रं झाली, आदिवासी गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना आली. पण ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या मरकटवाडीत एका बाईला दिवस भरण्याआधी घरीच जुळी मुलं झाली. दोन्ही बाळं गेली, आणि रक्तस्राव होणाऱ्या आईला झोळी करून निसरड्या डोंगरवाटेने रस्त्यापर्यंत आणावं लागलं. वावर-वांगणीनंतर तीस वर्षांनी. टेम्पो त्या पाड्यांपर्यंत पोचतो, मुकादम पोचतो. रुग्णवाहिका पावसाळ्यात पोचत नाही, याचा राग येतो आणि तो यायलाच हवा.

०

जव्हारबद्दल फक्त दैन्यच लिहिणं हाही एक अन्याय आहे. शिमग्याला माणसं का परततात हे बघायचं तर फाल्गुन-चैत्रात इथला बोहाडा बघावा. काही ठिकाणी याला भोवाडा म्हणतात. मोखाड्याचा बोहाडा प्रसिद्ध आहे, जव्हारच्या गावांतही होतो.

रात्र चढते, गावाच्या मुख्य गल्लीत दोन्ही बाजूंना माणसं दाटीने बसतात, पोरं आईच्या मांडीवर पेंगतात. गल्लीच्या एका टोकाला देवीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला सोंगं सजवायची जागा. संबळ घुमतो, पिपाणी चढ्या सुरात लागते आणि टेंभ्यांच्या उजेडात पहिलं सोंग निघतं: गणपती. मग मोरावरची शारदा. मग एकेक देव, राक्षस, वीर. प्रत्येकाचा ताल वेगळा, पाय टाकायची ढब वेगळी. वाजवणाऱ्याला सोंग दिसायच्या आधी माहीत असतं की आता कोणता ताल धरायचा. चेहऱ्यावर मोठा मुखवटा, पाठीला प्रभावळ, त्यामुळे आतल्या माणसाला समोरचं धड दिसत नाही. तो पुढे उजेड धरणाऱ्याच्या आणि तालाच्या भरवशावर नाचतो. सोंगं घराण्यांकडे वाटून दिलेली असतात: हा रावण अमक्यांचा, हा नरसिंह तमक्यांचा. बापानंतर मुलगा तेच सोंग घेतो. पहाटे देवी आणि महिषासुर समोरासमोर येतात, आणि त्या लढाईला गल्लीतलं पेंगणारं पोरही जागं होतं.

हे मुखवटे जव्हारजवळच्या रामखिंडसारख्या गावांत बनतात. पूर्वी लाकडाचे असत, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे. साच्यावर थरावर थर चढवून वाळवायचे, मग रंग, मग डोळे. वर्षभर ते माळ्यावर गुंडाळून ठेवलेले असतात. शहरात वारली चित्रं भिंतीवर आणि साडीवर पोचली, या मुखवट्यांकडे तेवढं लक्ष गेलेलं नाही.

तारप्याचंही तसंच. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. वाजवणारा श्वास तोडत नाही. नाकाने हवा घेत, गाल फुगवत तो तासन्‌तास एकच सूर चालू ठेवतो, आणि कमरेला हात घालून गुंफलेली नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरत राहते. त्याने बोटं बदलली की साखळीची पावलं बदलतात. तो बोलत नाही, खुणा करत नाही. सगळं सुरातून सांगतो. जव्हारजवळच्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा हे आयुष्यभर तारपा वाजवत आणि बनवत आले. त्यांच्या कलेचा देशपातळीवर गौरव झाला, हा या भागाला अभिमानाचा विषय आहे.

०

गेल्या तीस-चाळीस वर्षांत खालून वर आलेल्यांत घेणारे होते तसे काही देणारेही होते. बाएफ संस्थेच्या वाडी प्रकल्पाने उतारावरच्या पडीक तुकड्यांवर आंबा-काजूच्या बागा उभ्या केल्या. गोखले एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय जव्हारात आहे, त्यामुळे पाड्यावरच्या मुलींना पदवीसाठी डोंगर उतरावा लागत नाही. मोगऱ्याने तर काही गावांचं वर्षच बदललं. जव्हार, मोखाडा, विक्रमगडमध्ये अर्धा-एक एकर मोगरा लावलेली कुटुंबं आहेत. पहाटे उजाडायच्या आधी कळ्या खुडायच्या, ओल्या कापडात बांधायच्या, गाडीने दादरच्या फूलबाजारात पाठवायच्या. लग्नसराईत भाव चढतो. मोगऱ्याला हिवाळ्यानंतर पाणी लागतं, म्हणून ज्याच्याकडे विहीर किंवा शेततळं आहे तोच हे करू शकतो. जिथे पाणी अडवलं गेलं तिथे टेम्पोत चढणारी माणसं कमी झाली. कारण इतकं सरळ आहे.

कायद्यांनीही हात दिला. कष्टकरी संघटनेसारख्या संघटनांनी डहाणू-जव्हार पट्ट्यात जमिनीसाठी आणि जंगलासाठी दीर्घ लढा दिला. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले, २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्पिढ्या कसलेल्या जंगलातल्या दळीच्या जमिनींवर नाव लागायचा रस्ता उघडला. पट्टे मिळाले त्यांतले कितीतरी मागणीपेक्षा लहान आहेत, मोजणीच्या तक्रारी आहेत, अर्ज अडकलेले आहेत. तरी जयबाच्या कातड्यापासून चालत आलेल्या हिशेबात वारल्याच्या नावाने वनजमीन लिहिली जाऊ लागली, हे मोठंच आहे.

आता पुढची वाट पाण्याची आहे. दमणगंगा-पिंजाळ नदीजोड प्रकल्पाचा आराखडा तयार आहे. दमणगंगेवर भुगड आणि वाघ नदीवर खारगीहिल अशी दोन धरणं, तिथून बोगद्यांनी पाणी पिंजाळच्या प्रस्तावित धरणात, आणि पिंजाळमधून मुंबईला. वाघ नदी म्हणजे वावर-वांगणीच्या बाजूची नदी. बुडणारी जमीन ही ओलीची, म्हणजे इथल्या माणसाकडची सगळ्यात चांगली जमीन असणार, कारण धरणाचं पाणी आधी दरीच भरतं. मुंबईला पाणी हवं आहे हे मला मान्य आहे. मीही तेच पाणी पितो. पण बोगद्याच्या पहिल्या मीटरचं काम सुरू व्हायच्या आधी तीन गोष्टी कागदावर नाही, जमिनीवर झालेल्या दिसायला हव्यात. बुडणाऱ्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेचा निर्णय, तोही माहिती देऊन घेतलेला. जमिनीच्या बदल्यात ओलीचीच जमीन. आणि धरणाच्या वरच्या अंगाच्या प्रत्येक पाड्यावर बारमाही नळ, ज्याची जोडणी मुंबईच्या जोडणीच्या आधी झालेली असेल. उतारावरून पाणी खाली जाणारच. ते पुन्हा उचलून पाड्यावर चढवायला वीज लागते, पंप लागतो, आणि त्याचा खर्च मुंबईच्या पाणीपट्टीत धरला तर प्रत्येक घराला तो जाणवेल एवढाही येणार नाही. हा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात वेगळ्या रकान्यात दाखवा, अशी मागणी जव्हार आणि मोखाड्याच्या ग्रामसभांनी करावी, आणि मुंबई-वसईत राहणाऱ्या आपण सगळ्यांनी ती त्यांच्या बरोबरीने करावी.